तीनाचा आठ कसा होतो? दिंडोरीच्या पिकअपवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्या वाचनात मीही तुमच्यासारखाच फॉन्टच्या विचारात अडकलो. इथे इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. तुमची २०१६ ची पिकअप, पासिंग एमएच १५. गाडी टोमॅटो घेऊन पिंपळगावच्या मार्केटात उभी होती आणि त्याच दिवसाचं पुण्यातल्या एका चौकातलं ई-चलन तुमच्या मोबाइलवर आलं. फोटो उघडला तर त्यात पांढरी कार. तुमच्या नंबरात जिथे ८ आहे तिथे तिच्यावर ३ असावा, असा तुमचा अंदाज. म्हणून आता जाड, ठसठशीत अक्षरांची नवी पाटी करायची आहे. फॉन्ट कोणता घ्यावा, मराठीत केली तर चालेल का, आणि हाय सिक्युरिटीची ती 'बारीक अक्षरांची' पाटी लावावीच लागते का, हे तुमचे तीन प्रश्न.

मी १९९४ पासून नाशकात अक्षरं रंगवतोय. सुरुवात भद्रकालीत एका पेंटरच्या हाताखाली, ब्रश आणि इनॅमलवर. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, आणि रोजच्या भाजीभाकरीपुरत्या नंबरप्लेटा. पुढे रेडियम आलं, कटिंग प्लॉटर आला, द्वारकेजवळ स्वतःचा गाळा झाला. हजारो पाट्या हाताखालून गेल्या. त्यातल्या काही आज समोर आल्या तर मी तोंड फिरवीन, त्यांच्याबद्दलही पुढे येईलच.

आधी चलनाचं बघू, कारण ते ताजं आहे. भरून मोकळं होऊ नका. महाट्रॅफिकच्या ॲपवर आणि वेबसाइटवर चलनाविरुद्ध तक्रार करायची सोय आहे. तिथे तुमच्या गाडीचा पुढून, मागून आणि बाजूने काढलेला फोटो टाका, आरसीचा फोटो टाका. त्या दिवशीची व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, आणि फास्टॅगचं स्टेटमेंट जवळ ठेवा. पिकअप आणि कार यांत गल्लत व्हायला वाव नाही, त्यामुळे तुमची केस सरळ आहे. फोटोत तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच रंगाची पिकअप आणि तुमचाच नंबर असता तर मात्र मी वेगळं सांगितलं असतं. तो बनावट पाटीचा मामला असतो, आणि तिथे ॲपच्या तक्रारीवर न थांबता पोलीस ठाण्यात लेखी द्यावं लागतं.

आता असली गोम. यात तुमच्या पाटीने काहीच बिघडवलेलं नाही. बिघडवलंय त्या कारवाल्याच्या पाटीने. तुम्ही तुमची पाटी दाराएवढी केलीत तरी त्याचा ३ उद्या पुन्हा ८ दिसणारच. शिवाय तुमच्या मनात आहे तशी जाड अक्षरं केलीत, तर पुढच्या खेपेला तुमचं चलन तिसऱ्याच कुणाच्या तरी मोबाइलवर जाईल, आणि तो बिचारा इथे येऊन हाच प्रश्न विचारेल.

जाड म्हणजे स्पष्ट, हा समज माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ गिऱ्हाइकांचा असायचा. माझाही होता. तो कुठे चुकतो ते हिशेबाने दाखवतो. आकडे मी इथे मराठीत लिहितोय, पण डोळ्यांपुढे इंग्रजी आकडे आणा, पाटीवर तेच असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातल्या ५१ व्या नियमात अक्षरांची मापं दिलेली आहेत. कार, पिकअप, ट्रक यांच्यासाठी उंची ६५ मिमी, रेघेची जाडी १० मिमी आणि दोन अक्षरांमधली फट १० मिमी. मोटरसायकलला मागचे आकडे ४० मिमी उंच, जाडी ७, फट ५. पुढची अक्षरं आणि आकडे ३० मिमी, जाडी ५, फट ५.

आता ६५ मिमी उंचीचा तीन काढा. त्याला तीन आडव्या रेघा: वरची, मधली, खालची. जाडी १० धरली तर तीन रेघांनी ३० मिमी खाल्ले, उरले ३५. म्हणजे तीनाची जी दोन तोंडं डावीकडे उघडतात, ती प्रत्येकी साडेसतरा मिमीची. हाच तीन तुम्ही १६ मिमी जाडीने काढलात तर रेघांनीच ४८ खाल्ले, उरले १७, आणि प्रत्येक तोंड साडेआठ मिमीचं. उंची तेवढीच, शाई दीडपट, पण तीनाला तीन म्हणून ओळखायची जी एकुलती एक खूण आहे, ती निम्मी झाली. तोंड निम्मं झालं की ते उघडं आहे हे कळण्याचं अंतरही निम्म्यावर येतं. त्यात थोडा चिखल बसला की तीनाचा आठ व्हायला कितीसा वेळ लागतो?

कॅमेऱ्याचं याहून वाईट. चौकातल्या फोटोत अख्खी गाडी आलेली असते, नंबर त्यातला एक लहानसा तुकडा. समजा त्या तुकड्यात अक्षर १६ ठिपके उंच उतरलं. नियमाच्या तीनाला तोंडासाठी चारेक ठिपके मिळतात. जाड तीनाला दोन. गाडी हलती असेल तर ते दोन आजूबाजूच्या काळ्यात मिसळून जातात आणि वाचणारं सॉफ्टवेअर बिनधास्त ८ लिहून मोकळं होतं. तुमच्या चलनामागे नेमकं हेच घडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तो फोटो मी पाहिलेला नाही. त्या पाटीवर चिखल असेल, बोल्ट चुकीच्या जागी असेल किंवा मुद्दाम टेपही लावलेली असेल. पण ३ आणि ८ ची जोडी आली की मी आधी जाडीवर संशय घेतो.

३ आणि ८ एकटेच नाहीत. ८ आणि बी, शून्य आणि डी, ५ आणि एस, २ आणि झेड, ६ आणि जी, १ आणि ७ ही सगळी भांडखोर भावंडं आहेत. शून्य-ओ आणि एक-आय यांचा घोळ तर इतका जुना की सीरिज देतानाच ओ आणि आय ही अक्षरं टाळली जातात. २०२१ मध्ये बीएच सीरिज आली, तिच्यातही ती वगळलेली आहेत. जर्मनीत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नंबरप्लेटसाठी खास अक्षरं तयार करायला घेतली, हेतू असा की कुणी काळी टेप लावून पी चा आर किंवा ३ चा ८ करू नये. त्यांनी जोडीतलं प्रत्येक अक्षर मुद्दाम दुसऱ्यापेक्षा वेगळ्या बांध्याचं केलं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती अक्षरं वेडीवाकडी वाटली होती. बोर्ड पेंटरच्या डोळ्याला सगळी अक्षरं एका घरातली दिसावी लागतात. पण पाटीवरची अक्षरं एकमेकांसारखी दिसून उपयोग काय?

फटीबद्दलही हेच. उस्तादांकडे शिकताना आम्हाला आधी अक्षरांमधली जागा आखायला लावायचे. सुताने रेघ मारायची, खडूने चौकटी पाडायच्या, आणि चौकटींच्या मधल्या पट्ट्या नीट दिसतायत का ते बघूनच रंगाचा डबा उघडायचा. तेव्हा वैताग यायचा. त्याचं मोल मला कितीतरी वर्षांनी कळलं, तेही तिरक्या नजरेमुळे. पाटी समोरून फारच कमी वेळा वाचली जाते. कॅमेरा खांबावर, हवालदार बाजूला, पानटपरीवाला रस्त्यापलीकडे. तिरकं पाहिलं की अक्षराची उंची तशीच राहते, पण रुंदी आणि फट दोन्ही आक्रसतात. ४५ अंशांतून पाहिलं तर साधारण ७० टक्के उरतात. १० मिमीची फट ७ ची झाली तर चालून जातं. पण अक्षरं जाड करून तुम्ही ती फट ३ वर आणलेली असेल तर उरले दोनच. मग १ आणि ३ चिकटून बी होतो. एका गिऱ्हाइकाच्या नंबरात खरंच १३ होता, आणि शेजाऱ्यांनी त्याला 'बीवाला' नाव पाडलं होतं.

अंतराचाही एक हिशेब मी ठेवतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ६/६ नजरेची ओळ असते, ती सहा मीटरवरून वाचायची, आणि तिची अक्षरं साधारण पावणेनऊ मिमी उंच असतात. त्याच प्रमाणात ६५ मिमीचं अक्षर चांगल्या नजरेला ४५ मीटरपर्यंत आणि मोटरसायकलचा ४० मिमीचा आकडा २७-२८ मीटरपर्यंत वाचता यायला हवा. हे झालं भर उजेडात, स्थिर उभं राहून, निवांत. धूळ, संध्याकाळ आणि घाई धरली की मी सरळ निम्मं करतो. ब्रिटनमध्ये तर गाडी चालवण्याच्या परीक्षेत उमेदवाराला २० मीटरवरची नंबरप्लेट वाचूनच दाखवावी लागते, त्यांची अक्षरं ७९ मिमी उंच असतात. आपल्याकडे समोरून ताशी ६० ने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर येते. म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात एक-दोन सेकंद. तेवढ्यात त्याला तुमच्या अक्षरांचं वळण कौतुकाने बघायला सवड नसते.

आता रात्रीचं. इथे आमच्या धंद्याने लोकांचं सर्वांत जास्त नुकसान केलंय, कबूल करतो.

बाजारात ज्याला रेडियम म्हणतात त्यात रेडियम औषधालाही नसतं. तो प्लास्टिकचा चिकट कागद. त्यात दोन जाती. एक साधा रंगीत, आणि एक परावर्तक, ज्याच्यात बारीक काचमणी किंवा तसल्याच रचनेचा थर असतो. त्याच्यावर दिव्याचा उजेड पडला की तो जिकडून आला तिकडेच परत जातो. म्हणून मागच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये पाटी पेटल्यासारखी दिसते. यात खुबी अशी की पाटीची पार्श्वभूमी पेटली पाहिजे आणि अक्षरं मेलेली काळी राहिली पाहिजेत. गिऱ्हाईक मात्र म्हणायचं, अक्षरंसुद्धा चमकणारी टाका. आम्ही टाकायचो. दुकानात दिवसा झक्क दिसायची. रात्री हायवेवर मागून लाइट पडला की पार्श्वभूमीही पांढरी, अक्षरंही पांढरी, आणि पाटी म्हणजे चुना लावलेली भिंत. काळ्या ॲक्रिलिकवर सोनेरी अक्षरं चिकटवलेल्या पाट्यांचं याच्या उलट, तिथे काहीच परत येत नाही, नुसता अंधार. पाटीवर काचेसारखं पारदर्शक कव्हर लावणारेही असतात, धूळ बसू नये म्हणून. त्या कव्हरवर दिव्याचा एक गोळा उमटतो, आणि तो नेमका मधल्या आकड्यांवर बसतो.

पेंटर मंडळींना अजून एक गोष्ट हाताने माहीत असते: उजळ रंग पसरतो, गडद रंग आक्रसतो. पिवळ्या किंवा पांढऱ्या पाटीवर काळं अक्षर असेल तर रात्री भोवतीचा उजेड अक्षराला कडेने खातो, म्हणून रेघ फार बारीक करून चालत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या हिरव्या पाटीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरं असतात, तिथे अक्षरच फुगतं, म्हणून रेघ थोडी सडपातळ बरी. म्हणजे 'जाड की बारीक' याला एकच उत्तर नाही, ते पाटीच्या रंगावर ठरतं. तुमची गाडी मालवाहू, पाटी पिवळी, अक्षरं काळी. तुमच्यासाठी नियमाची १० मिमीच योग्य. कॅमेऱ्यांचा आणखी एक पेच असा की बरेच कॅमेरे रात्री इन्फ्रारेड उजेडात बघतात, आणि आपल्याला काळी दिसणारी प्रत्येक शाई त्या उजेडात काळी दिसेलच असं नाही. घरच्या प्रिंटरवर छापून लॅमिनेट केलेली पाटी म्हणून लावू नका.

आता माझी स्वतःची गोष्ट. साधारण २००७ चा पावसाळा. द्वारकेच्या सिग्नलला मी स्कूटरवर, पुढे एक सुमो. पाटी बघितल्याबरोबर ओळखली, माझ्याच हातची होती. त्या सुमोवाल्याने 'एकदम भारदस्त' मागितली होती आणि मी मोठ्या हौसेने जाड ब्रश घेऊन, कोपरे गोल करून, खाली लाल सावली टाकून दिली होती. आता वायपर नसलेल्या माझ्या चष्म्यातून, पंधरा-वीस फुटांवरून, मला तिचा शेवटचा आकडा ३ आहे की ८ हे सांगता येईना. मी रंगवलेला! घरी येऊन जुन्या वहीत शोधला तर ३ होता. त्या दिवसापासून लाल सावली बंद केली. सावलीमुळे अक्षराला दोन कडा येतात आणि खरी कोणती हे डोळ्याला ठरवावं लागतं. गिऱ्हाइकं तुटली काही, शेजारचा गाळेवाला सावली टाकून द्यायचाच.

'८०५५' चं 'बॉस' आणि '२१४' चं 'राम' मीही केलंय, नाही कशाला म्हणू. ते करताना आकड्यांची उंची कमीजास्त करावी लागते, रेघा मोडाव्या लागतात, आणि पाटी नंबर सांगायचं सोडून गप्पा मारायला लागते. पोलिसाने धरलं की गिऱ्हाईक आमच्याकडे भांडायला यायचं. त्याची तुम्हाला गरज नाही, तुमचा तो प्रश्नही नव्हता, म्हणून पुढे जातो.

मराठी पाटीबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. देवनागरी अक्षर काढण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मराठी पाटी बघून मला आनंदच होतो. एकेकाळी नाशकात अर्ध्या बुलेटींवर मराठी आकडे असायचे आणि त्यातले बरेचसे माझे. तरीही नियम स्पष्ट आहे: नंबर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. यात मराठीचा अपमान आहे असं मला वाटत नाही. तुमचा माल उद्या सुरतला गेला, हैदराबादला गेला, तर तिथल्या माणसाने तो नंबर वाचून फोनवर सांगायचाय. आणि मराठी आकड्यांची मोठी पंचाईत ही की ते अनोळखी वाटण्याऐवजी चुकीचे ओळखीचे वाटतात. आपला १ परक्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो. आपला ४ इंग्रजी आठसारखा. त्याला अजिबात वाचता आलं नसतं तर तो गप्प बसला असता. तो वाचतो आणि चुकीचं सांगतो. कॅमेऱ्याचंही तेच. तेव्हा नंबर इंग्रजीतच. मराठीची हौस फाळक्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या उघडझाप होणाऱ्या फळीवर भागवा, तिथे जागाही भरपूर आहे.

आता ती हाय सिक्युरिटी पाटी. लावावी लागते, हो. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते, आधीच्या गाड्यांना आपण लावून घ्यायची. तुमची २०१६ ची. महाराष्ट्रात तिची मुदत इतक्यांदा वाढली की लोकांना आता ती कधीच संपणार नाही असं वाटतं, पण त्या भरवशावर राहू नका. परिवहन विभागाच्या वेबसाइटवरूनच बुकिंग करा, कारण तशाच दिसणाऱ्या बनावट साइटही आहेत. आपल्या राज्यात जुन्या गाड्यांसाठी ठरवून दिलेला दर दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, आणि तुमच्यासारख्या चारचाकीला ७४५, वर जीएसटी. बसवणावळ त्यातच धरलेली आहे. केंद्रावर कुणी 'फ्रेम घ्यावीच लागते' म्हणालं तर नको म्हणा.

या पाटीने माझा निम्मा धंदा नेला, त्यामुळे मी तिची तरफदारी करतोय असं कुणी म्हणणार नाही. तरी सांगतो, वाचण्याच्या दृष्टीने ती चांगली आहे. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, वर परावर्तक थर, अक्षरं दाबून उठवलेली आणि त्यांच्या माथ्यावर काळा फॉइल गरम ठशाने बसवलेला. डाव्या बाजूला अशोकचक्राचा २० बाय २० मिमीचा होलोग्राम, त्याच्याखाली निळ्यात देशाचं नाव, आणि लेसरने कोरलेला दहा अंकी क्रमांक. बसवतात ती स्नॅप लॉकने, जो एकदा बसला की तोडल्याशिवाय निघत नाही. तुम्हाला तिची अक्षरं बारीक वाटतात, कारण शेजारी लोकांच्या जाड पाट्या बघून डोळ्याला तशी सवय झालीय. घरासमोर ही पाटी आणि एखादी जाड पाटी शेजारी उभी करून वीस पावलं मागे जा आणि दोन्ही बघा. जवळून जाड पाटी भारी वाटेल, विसाव्या पावलावर बारीक जिंकेल.

दोष तिच्यातही आहेत. दुचाकीची मागची पाटी २०० बाय १०० मिमीची, त्यात दोन ओळी बसवताना अक्षरं दाटीवाटीने येतात, तिथे मला अजून थोडी हवा आवडली असती. आणि काही पाट्यांचा काळा फॉइल दोन-तीन वर्षांत सोलायला लागलेला मी पाहिलाय. सगळ्यांचाच सोलतो असं नाही. पाटी कशी धुता यावर बरंच आहे. आपल्याकडे गाडी धुणारी पोरं डाग काढायला थिनर नाहीतर पेट्रोलचा बोळा फिरवतात, किंवा वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप वीतभर अंतरावरून पाटीवर धरतात. दोन्ही करू देऊ नका. ओलं फडकं आणि साधा साबण पुरतो. फॉइल सोललाच तर मार्करने अक्षर काळं करत बसू नका, हात हलला की पुन्हा तीनाचा आठ. पाटी बदलून घ्या. आणि कुणी गल्लीतला माझाच व्यवसायबंधू 'हुबेहूब तशीच' दोनशे रुपयांत देतो म्हणाला, तर तिच्यावर तुमच्या गाडीशी जोडलेला लेसरचा क्रमांक नसतो, एवढं लक्षात ठेवा.

म्हणजे फॉन्ट निवडायचा तुमचा प्रश्न इथे मिटला, तो निवडायचा अधिकारच आपल्याकडे नाही. पण पिकअपवर तुमच्या हातात असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त न वाचता येणाऱ्या पाट्या अक्षरांमुळे बिघडलेल्या नसतात.

सगळ्यांत मोठी म्हणजे फाळका. क्रेट जास्त भरले की फाळका खाली सोडून साखळीवर गाडी चालवायची सवय सगळ्यांना आहे. फाळका खाली लटकला की मागची पाटी पूर्ण झाकली जाते. तशी गाडी पेठ रोडवरून, आरटीओ ऑफिसच्या दारावरून जाताना मी कितीदा पाहिलीय. फाळका बंद करून नेता येईल एवढाच माल भरा. ताडपत्रीची दोरी आणि मागे लोंबणारा काथ्यासुद्धा पाटीवरून जाऊ देऊ नका. एक आडवी दोरी सातावर आली की तिथे काय आहे ते देवच जाणे.

मग माती. दिंडोरीकडची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सिमेंट होते. बागेतून गाडी बाहेर काढली की डांबरीवर चढण्याआधी पाटीवरून एकदा फडकं फिरवायचं, ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याला तशी सवय लावायची. मागची पाटी चाकाच्या फेकीत असेल तर मडफ्लॅप लावा, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

पाटीवरचा दिवा. मागची पाटी रात्री पांढऱ्या उजेडात सुमारे १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे, अशी अपेक्षा नियमात आहे, आणि त्यासाठीच तिथे दिवा असतो. दहातल्या पाच पिकअपांचा तो बल्ब गेलेला असतो, मालकाला पत्ताही नसतो. कुणी त्याच्या जागी निळा किंवा लाल एलईडी लावतो. लावू नका. पिवळ्या पाटीवर निळा उजेड पडला की पिवळा काळपट होतो आणि अक्षरं त्यात बुडतात.

राहिले बाजूचे नंबर. मालवाहू गाडीच्या दोन्ही बाजूंना नंबर लिहायचा असतो, आणि ते काम अजून आमच्याकडे आहे. इथे तुमची हौस थोडी चालेल, पण वरचा हिशेब सोडू नका. मी रेघेची जाडी उंचीच्या साधारण सातव्या हिश्श्याला धरतो, फट निदान रेघेएवढी, आणि चौकटीच्या कडेपासून आणखी थोडी मोकळी. सावली नको, तिरकं इटालिक नको, मध्येच गणपती किंवा बिबट्या नको. पत्र्याला जिथे उभ्या घड्या असतात तिथे अक्षर घडीवर चढू देऊ नका. एकाचा आणि साताचा फरक त्या घडीत बुडतो. काम झालं की पेंटरला पैसे देण्याआधी रस्त्यापलीकडे जा, मोबाइलवर झूम न करता एक फोटो काढा, आणि जो नंबर कधी ऐकलेला नाही अशा माणसाला तो वाचायला सांगा. घरच्यांना सांगू नका, त्यांना पाठ असतो.

चांगला आर्टिस्ट सुचवा म्हणालात, तर नाव सांगत नाही, माझं स्वतःचंही नाही. पण पारख सांगतो. पेंटरने आधी टेपने माप घेतलं आणि सुताने रेघ मारली तर काम द्या. त्याने आधी मोबाइल काढून डिझाइनं दाखवायला सुरुवात केली तर चहा घ्या आणि निघा.

तुमच्या पिकअपचा बाजूचा एक फोटो इथे टाकता आला तर टाका, पत्र्याच्या घड्या दिसतील असा. कुठल्या दोन घड्यांच्या मध्ये नंबर बसेल आणि उंची किती धरायची, ते मी त्यावरच खुणा करून सांगतो.